वाटल्याने वाढणारे : गुलछडीच्या गड्ड्याचा इतिहास



बीडचा इतिहास म्हटला की आपल्याला कंकालेश्वर आठवते, खजाना बावडी आठवते, निजामाची राजवट आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो. ते योग्यच आहे. पण आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे तिची सनद नाही, शिलालेख नाही, ताम्रपट नाही. ती गोष्ट म्हणजे गुलछडीचा गड्डा. आणि नेमकं बोलायचं तर गड्डासुद्धा नाही. दाटी झालेला गड्डा उकरायचा, फोडायचा, कंद सुटे करायचे आणि नव्या जागी लावायचे, ही जी क्रिया आहे ना, तिचा इतिहास. आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला 'एक' आणि 'अनेक' या दोन शब्दांचा जुना नाद असतो. या गड्ड्यात ते दोन्ही शब्द मातीसकट हाताला लागतात, म्हणून हा विषय घेतला.

आधी क्रिया नीट समजून घेऊ. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी मळा आहे त्यांना हे ठाऊक आहे, पण शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. गुलछडी, म्हणजेच निशिगंध, आपल्याकडे बियांपासून लावत नाहीत, कंदापासून लावतात. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडाशी कंद लावायचे. ओळींत ३० सेंटिमीटर आणि कंदांत २० सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरी सुमारे ६७ हजार कंद बसतात. पहिल्या वर्षी दांडे येतात, दुसऱ्या वर्षी अधिक येतात, आणि तिसऱ्या वर्षानंतर पीक रुसतं. दांडा आखूड होतो, फुलं बारीक होतात, काही ठिकाणी नुसतीच पात माजते. खत वाढवा, पाणी वाढवा, फरक पडत नाही. कारण वर काही बिघडलेलं नसतंच. जमिनीखाली दाटी झालेली असते. एका कंदाच्या जागी पिल्लांचा घोस झालेला असतो. सगळे एकाच ओंजळभर मातीत हिस्सा मागतात आणि कुणालाच पुरेसं मिळत नाही. कंद साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा झाल्याशिवाय फुलायला राजी नसतो, आणि दाटीत तो तेवढा होतच नाही.

मग शेतकरी काय करतो? पात पिवळी पडू लागली की पाणी तोडतो, ताण देतो. नंतर कुदळीने गड्डा उकरतो, माती झटकतो आणि हाताने गड्डा फोडतो. जाड कंद एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, सडके बांधावर. निवडलेले कंद सावलीत पसरून महिनाभर विसावा देतो आणि पुन्हा लावतो. बारीक कंद फेकायचे नसतात. ते वेगळ्या वाफ्यात वाढवले तर पुढच्या हंगामात तेही लागवडीला येतात. यालाच आपण बेणं धरणं म्हणतो. हळदीत आणि अद्रकीत हीच रीत आहे. हळदीवाल्यांनी तर नात्यांची नावंच दिली आहेत : मधला तो जेठा गड्डा, बाजूचे बगल गड्डे, आणि मग हळकुंडं. शेतकऱ्याची भाषा किती बारकाईने बघते, बघा.

आता एक गोष्ट सांगतो जी मला तत्त्वज्ञानाच्या कित्येक ग्रंथांइतकीच विचार करायला लावणारी वाटते. गुलछडीचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. कंदाच्या मधोमध जो कोंब असतो, तोच उठून फुलाचा दांडा होतो आणि तिथेच त्याची वाढ संपते. दुसऱ्या वर्षी त्याच ठिकाणी जे फूल दिसतं ते त्या कंदाचं नसतं, त्याच्या पिल्लाचं असतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, 'झाड' दर वर्षी फुलतंय. खाली पिढी बदललेली असते. आपल्या बांधावरची घायपात आठवा. ती बरीच वर्षं काट्यांचा पसारा मांडून बसते, एकदाच उंच दांडा काढते आणि वाळते. बुडाशी पिल्लं ठेवून जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे गुलछडीला घायपातीच्याच वंशात, म्हणजे अगेव्हमध्ये, घातलं आहे. बांधावरची काटेरी घायपात आणि लग्नाच्या हारातली नाजूक गुलछडी या चुलत बहिणी आहेत. आणि दोघींचं माहेर एकच : मेक्सिको.

इथून इतिहास सुरू होतो. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत या फुलाला ओमिशोचित्ल म्हणत. ओमित्ल म्हणजे हाड, शोचित्ल म्हणजे फूल. हाडासारखं पांढरंशुभ्र फूल. स्पॅनिश पाद्री बेर्नार्दिनो दे साहागुन याने तिथल्या स्थानिक लेखकांना हाताशी धरून त्यांच्या संस्कृतीचा एक प्रचंड कोश तयार केला, तो १५७७ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात हे फूल आहे. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : आपल्या बीडची खजाना बावडी १५८२ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाच्या कारकिर्दीत, राजा भास्कर या कारागिराने बांधली. म्हणजे तिकडे मेक्सिकोत ते फूल कागदावर चितारलं जात होतं आणि इकडे बीडमध्ये ही विहीर खोदली जात होती, या दोन गोष्टींत पाच-सहा वर्षांचंच अंतर आहे. पुढे त्या फुलाला ज्या पाण्याची गरज लागणार होती, त्या पाण्याची सोय इथे आधीच होत होती म्हणा ना.

हे फूल तिकडून निघालं ते दोन वाटांनी. एक वाट अटलांटिक ओलांडून स्पेनच्या सेव्हिल बंदरात आली. तिथला वैद्य सिमोन द तोवार याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस याचे कंद कार्लुस क्लुसियसकडे पाठवले. हा क्लुसियस म्हणजे १५९३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला आलेला आणि तिथल्या विद्यापीठाची बाग उभी करणारा वनस्पतिपंडित. ट्युलिपच्या इतिहासातही त्याचं नाव येतं. पण आपल्याला त्याची ओळख आणखी जवळची आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे राबता होता, त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. ते लॅटिनमध्ये संक्षेपाने आणलं ते याच क्लुसियसने, १५६७ मध्ये. म्हणजे दख्खनची वनस्पतिविद्या युरोपात नेणारा आणि मेक्सिकोचा गड्डा युरोपात रुजवणारा माणूस एकच. जग तेव्हाही आपल्याला वाटतं त्यापेक्षा लहान होतं.

दुसरी वाट प्रशांत महासागराची. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, मेक्सिकोचं अकापुल्को आणि फिलिपिन्सचं मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. चांदी एका बाजूने, रेशीम आणि मसाले दुसऱ्या बाजूने. त्याच वाटेने गुलछडी फिलिपिन्सला पोचली. तिथे तिला आजही 'असुसेना' म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये लिली. इंडोनेशियात तिचं नाव आहे 'सदाप मालाम', म्हणजे रात्री छान वाटणारी.

नावांकडे जरा थांबून बघू या. ज्या गोष्टीचा कागद नसतो तिचा इतिहास पुष्कळदा शब्दात सापडतो. तेलुगूत हिला 'नेल संपेंग' म्हणतात, तमिळमध्ये 'निल संपंगी' : जमिनीवरचा चाफा. कन्नडमध्ये 'सुगंधराज'. उर्दूत 'गुल-ए-शब्बो'. शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. बंगालीत आणि हिंदीत 'रजनीगंधा'. मराठीत 'निशिगंध'. आणि मराठी बाजारात 'गुलछडी'. माझ्या आईच्या तोंडी मात्र 'गुलछबू' होतं. तो 'शब्बो'च, फक्त मराठवाड्याच्या जिभेवर वळलेला. इथे कचेरीची भाषा फारसी आणि मग उर्दू होती, त्यामुळे हा शब्द घरात येऊन बसला यात नवल नाही.

या नावांतून काय दिसतं? जुनं फूल असतं तर त्याचं आपलं असं एक मूळ नाव असतं. मोगरा, जाई, चाफा, कमळ यांची नावं अशी फोड करून समजून घ्यावी लागत नाहीत. गुलछडीची सगळी नावं वर्णनं आहेत. पाहुणा आला की आपण त्याला आधी 'ते चष्मेवाले' म्हणतो, तसं. कुणी तिला चाफ्याशी जोडलं, कुणी रात्रीशी. निशिगंध आणि रजनीगंधा ही नावं संस्कृतातली, म्हणून ती प्राचीन वाटतात. पण नाव संस्कृत असलं म्हणून वस्तू प्राचीन होत नाही. 'निशि' ही सप्तमी आहे, म्हणजे 'रात्री'. रात्री ज्याचा गंध येतो ते. हे नाव ज्याने ठेवलं त्याने फुलाचं निरीक्षण मात्र नेमकं केलं होतं, कारण रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांना बोलावण्यासाठीच हे फूल अंधारात दरवळतं. मेक्सिकोतले ते पतंग मागे राहिले. फूल इथेही रात्रीच दरवळत राहिलं.

आणि जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची : गुलछडी आज मेक्सिकोच्या रानातसुद्धा रानटी अवस्थेत सापडत नाही. ती फक्त माणसाच्या लागवडीतच उरली आहे. म्हणजे तिला परत जायला रान नाही. तिचं सगळं अस्तित्व कुणीतरी तिचा गड्डा फोडून पुन्हा लावण्यावर टिकून आहे.

डबल गुलछडीचं उदाहरण घ्या, ती भरगच्च पाकळ्यांची, फुलदाणीत ठेवतात ती. तिला सहसा बी धरत नाही. तिची 'पर्ल' नावाची प्रसिद्ध जात १८७० च्या सुमारास अमेरिकेत पीटर हेंडरसन याने पुढे आणली. त्याला आता दीडशे वर्षं होऊन गेली. दर तीन वर्षांनी एकदा म्हटलं तरी त्या जातीचा गड्डा किमान पन्नास वेळा कुणीतरी उकरला, फोडला आणि लावला. थंड प्रदेशात तर बर्फामुळे दर वर्षी काढावा लागतो. या साखळीतली एक कडी जरी सगळीकडे एकदम निसटली असती, तरी आज ते फूल नसतं. या पन्नास हातांपैकी किती नावं आपल्याला माहीत आहेत? पहिलं, हेंडरसनचं. बाकीच्यांचं इतिहासात काही नाही. पण फूल आहे, त्या अर्थी ते हात होते. याला आमच्या तर्कशास्त्रात अर्थापत्ती म्हणतात : देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, त्या अर्थी तो रात्री जेवतो.

आता याच फुलाच्या इतिहासातली उलटी गोष्ट. अठराव्या शतकातला इंग्रज उद्यानपंडित फिलिप मिलर याने ती नोंदवून ठेवली आहे. लायडनमध्येच, जिथे क्लुसियसची बाग होती तिथेच, ल कूर नावाचा एक धनिक बागवान होता. त्याच्याकडे पहिल्यांदा डबल गुलछडी निपजली. कंद वाढत गेले, इतके की त्याला लावायला जागा पुरेना. पण ते त्याने कुणाला दिले नाहीत. जास्तीचे कंद तो तुकडे करवून नष्ट करायचा, कशासाठी, तर युरोपभर हे फूल फक्त माझ्याकडे आहे असं म्हणता यावं म्हणून.

हातात सुरी दोघांच्याही आहे बरं का. शेतकरीही गड्डा फोडतो आणि ल कूरही कंद तोडतो. एकाच्या फोडण्यात पुढचं लावणं आहे, दुसऱ्याच्या तोडण्यात पुढचं संपवणं आहे. आणि ल कूरने एवढं करून साधलं काय? आज डबल गुलछडी कोलकात्यापासून पुण्याच्या गुलटेकडीपर्यंत सगळीकडे आहे, आणि त्याचं नाव उरलं ते या एका कद्रूपणासाठी.

इथे थोडं माझ्या विषयाकडे वळतो, फार वेळ घेणार नाही. गड्डा फोडला की 'मूळ' गड्डा कोणता? न्याय-वैशेषिक म्हणतील, अवयवी म्हणजे संपूर्ण वस्तू ही अवयवांहून वेगळी, खरी असते. गड्डा फुटला की तो अवयवी नष्ट झाला आणि नवे अवयवी उत्पन्न झाले. बौद्ध म्हणतील, 'गड्डा' नावाची वेगळी वस्तू कधी नव्हतीच. कंदांच्या समूहाला आपण ते नाव दिलं होतं. मिलिंदप्रश्नात नागसेन दिव्याचा दाखला देतो : रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच का वेगळी? तीच नाही, आणि अगदी वेगळीही नाही. मला वाटतं, गुलछडीच्या बाबतीत नागसेनाचं उत्तर जास्त जवळचं आहे. टिकते ती वस्तू नव्हे, चालत आलेली परंपरा टिकते. आणि परंपरा टिकवायची तर गड्डा जसाच्या तसा ठेवून चालत नाही. जो जसाच्या तसा ठेवतो त्याचा तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलायचा थांबतो. हे मी झाडाबद्दल बोलतोय. ज्यांना यात संस्था, चळवळी, वाचनालयं दिसत असतील त्यांनी तसं खुशाल पाहावं.

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या कामाला आपण 'वाटणी' म्हटलं तर चालेल. आणि वाटणी हा शब्द बीड जिल्ह्यात उच्चारला की लोकांच्या मनात फूल येत नाही, सात-बारा येतो.

आपल्याकडच्या वारसाहक्काची जुनी बैठक म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. हा ग्रंथ चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिला गेला. मराठवाड्याच्या अगदी उंबऱ्यावर. त्याचा सिद्धान्त असा की वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चालला, तिथे हक्क बापाच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे मुलगा जन्मला की हिस्सेदार जन्मला. न्याय म्हणून यात चुकीचं काही नाही. पण परिणाम काय झाला तो मोजून ठेवला आहे. मोजणी बीडची नाही, पुण्याजवळच्या गावाची आहे, पण चित्र आपलंच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. तेसुद्धा एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत. पुढे १९४७ मध्ये मुंबई राज्याने तुकडेबंदीचा कायदा केला. कायद्याने कागदावरचा तुकडा थांबवता येतो. घरातल्या चार भावांची चार पोटं थांबवता येत नाहीत. आणि आज पिंपळे सौदागरात शेत शोधायला गेलात तर इमारती सापडतील.

आपल्या जिल्ह्यात याचा शेवट कुठे होतो ते वेगळं सांगायला नको. आजोबांची वीस एकर, बापाची पाच, मुलाची सव्वा. सव्वा एकर कोरडवाहूवर घर चालत नाही. मग दसरा झाला की बैलगाडी, ट्रॅक्टर, कोयता आणि कारखान्याची वाट. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं गावात, कर्ती माणसं उसाच्या फडात. हीसुद्धा दाटी झालेल्या गड्ड्याचीच अवस्था आहे, फक्त इथे उकरून लावायला दुसरा वाफा नाही.

म्हणून म्हणतो, वाटणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात वाटल्याने वाढतं : कंद, बेणं, विद्या, भाषा, दिव्यावरून लावलेला दिवा. दुसऱ्या प्रकारात वाटल्याने आटतं : जमीन, पाणी, पैसा. आपली गोची अशी झाली आहे की आपण या दोहोंची अदलाबदल केली. जे वाटल्याने वाढतं ते आपण ल कूरसारखं कवटाळून बसतो. चांगल्या बेण्याचा पत्ता शेजाऱ्याला सांगत नाही, जाणकार माणूस आपलं कसब मुलाशिवाय कुणाला देत नाही. आणि जे वाटल्याने आटतं त्याचे मात्र फुटाफुटाने तुकडे करतो, बांध कोरतो आणि बांधावरून तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं घालवतो.

मग आटणाऱ्या गोष्टीचं करायचं काय? याचंही उत्तर आपल्या इतिहासात आहे आणि त्याचं नाव आहे 'पाळी'. जे तोडून देता येत नाही ते पाळीने वापरायचं. खजाना बावडीचं पाणी मोटेशिवाय, भुयारी वाटेने, उताराने शेताकडे जातं. ते कुणाच्या एकाच्या विहिरीचं पाणी नव्हे. खानदेशात आणि नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड करायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी पाटकऱ्याने पाळीने द्यायचं. जमीन ज्याची त्याची, पण पीक आणि पाणी मिळून. आणि अगदी आपल्या आठवणीतलं उदाहरण म्हणजे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली पाणी पंचायत. तिचा नियमच असा की पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. हे सगळीकडे चाललं असा दावा मी करणार नाही. फड पद्धतही बरीचशी मोडली. पण आपल्या लोकांना दोन वाटण्यांतला फरक कळत होता, एवढं यातून निश्चित दिसतं.

याच ठिकाणी एक गोष्ट बायकांबद्दल सांगायची आहे. मिताक्षरेतला जन्मसिद्ध हक्क मुलाचा होता, मुलीचा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा करून मुलींना वडिलार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केलं, देशाने २००५ मध्ये. त्याआधी शतकानुशतकं मुलगी सासरी जाताना जमिनीचा तुकडा घेऊन जाऊ शकत नव्हती. पण कंद घेऊन जात होती! माहेरच्या परसातली गुलछडी, लिली, हळदीचं बेणं, कर्दळीचा गड्डा, लुगड्याच्या चिंधीत बांधून सासरी जायचा आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर रुजायचा. पुढे दाटी झाली की शेजारणीकडे, मग तिच्या लेकीबरोबर तिसऱ्या गावात. सात-बाऱ्यावर जिचं नाव कधी लागलं नाही, तिने एक वेगळीच मालमत्ता गावोगाव वाटली, आणि ती वाटल्याने वाढली. हेंडरसननंतरचे ते पन्नास निनावी हात म्हणालो ना, तसे हात आपल्याकडेही होते आणि त्यांतले पुष्कळ बायकांचे होते. जुन्या वाड्याच्या मागे, घर पडून गेलं तरी, पावसाळ्यात लिली वर येते. तिथे कुणी राहत होतं याचा तेवढाच दस्तऐवज उरलेला असतो.

मात्र वाटण्याचं कौतुक करताना एक सावधपणाही सांगितला पाहिजे. कंदाबरोबर रोगही वाटला जातो. सूत्रकृमी नावाची डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड मुळांत आणि कंदांत राहते आणि बेण्याबरोबर एका गावातून दुसऱ्या गावात जाते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच बेण्याची तीच नक्कल लावत राहिलं की त्याचे दोषही तसेच चालत राहतात. म्हणून आपल्या संशोधकांनी नवे संकर केले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सिंगल आणि डबल यांच्या संकरातून 'शृंगार' काढली, जी मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही. पुढे शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्यापासून 'प्रज्वल' आली. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने किरणांचा मारा करून पानांवर रेघा असलेल्या 'रजतरेखा' आणि 'स्वर्णरेखा' काढल्या. म्हणजे परंपरा चालवायची तर नुसतं जुनं वाटत राहून भागत नाही. निवड लागते, सडकं बाजूला काढावं लागतं, मधूनमधून नवं रक्त आणावं लागतं. गड्डा फोडताना जो कंद दाबल्यावर मऊ लागतो तो प्रेमापोटी कुणाला द्यायचा नसतो. विचारांचंही असंच आहे. आजोबांनी दिला म्हणून सडका विचार नातवाच्या वाफ्यात लावायचा नसतो.

आज हे फूल बीडमध्ये कुठे जातं ते बघा. परळीला वैजनाथाच्या दारात जातं, अंबाजोगाईला योगेश्वरीकडे जातं, बीडला शहेनशाहवलींच्या दर्ग्यावर जातं, लग्नात नवरा-नवरीच्या गळ्यात पडतं आणि शेवटच्या प्रवासातही सोबत येतं. मेक्सिकोतून आलेलं, फारसी नावाने ओळखलं गेलेलं, संस्कृत नाव लाभलेलं, कंद फोडफोडून इथवर पोचलेलं हे फूल. कुणीही त्याला आता परकं म्हणत नाही, आणि कुणाच्याही एकट्याच्या मालकीचं ते झालं नाही. हे कशामुळे घडलं? ते वाटलं गेलं म्हणून.

तेव्हा शेवटी एक साधी विनंती करतो. ज्यांच्या दारात गुलछडी किंवा लिली आहे आणि ती दोन वर्षं नीट फुललेली नाही, त्यांनी तिला शिव्या देऊ नयेत. पाणी तोडा, पात पिवळी होऊ द्या, गड्डा उकरा. वरून एकच दिसणारं झाड खाली किती झालं आहे ते एकदा डोळ्यांनी पाहा. चांगले कंद निवडा, वीतभर अंतराने पुन्हा लावा. तुमच्या जागेत मावतील तेवढेच ठेवा. उरलेले कंद, त्यातही चांगले, शेजारच्या घरी द्या, गावच्या शाळेला द्या. आणि ज्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे त्याच्या घरीही चार कंद पाठवा. त्याने बांधाचा प्रश्न सुटणार नाही, हे मला कळतं. पण पुढच्या पावसाळ्यात बांधाच्या दोन्ही बाजूंना एकाच गड्ड्याची फुलं असतील, आणि बोलायला सुरुवात कुठून करायची याला एक निमित्त मिळेल.